आप्पांची नीट केलेली फौज

भरे, गुरुवार दुपार

प्रिय जयसिंग,

‘प्रिय’ हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. आत्ता समोर असतास तर तुझी धडगत नव्हती. फोन करणार होते. पण मी ओरडले असते, तू तुझ्या त्या मऊ आवाजात ‘अगं दीपे, ऐक तर’ म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. पिरंगुटच्या शाळेपासून हेच चालत आलंय आपलं. म्हणून कागद घेतलाय. आता तू ऐक.

बेचाळीस शिशाचे शिपाई होते माझ्या आप्पांच्या खोक्यात आणि तू एकूण एक नीट केलेस. वाकडे भाले सरळ केलेस. मोडलेल्या बंदुकांना नवी टोकं बसवलीस. भैरू ढोलवाल्याच्या ढोलावरचा खड्डा पुट्टी भरून, घासून, असा गुळगुळीत केलास की जणू तो कधी टेबलावरून पडलाच नव्हता. सगळ्यांचा जुना रंग थिनरमध्ये उतरवलास आणि त्या तुझ्या फवाऱ्याच्या पेनानं नवा दिलास. वर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो टाकलेस. काय ते बदाम आलेत त्याला, काय ते अंगठे! लोक म्हणतात, जादू आहे हातात. चुलीत घाल तुझी ती जादू.

तुला आठवतंय का, की भूगावच्या फ्लॅटच्या सातव्या मजल्यावरून खालचं काही दिसत नाही? आप्पा कंपनीत साच्यांवर होते तेव्हा मशीन बसवायला आलेला तो गोरा इंजिनियर जाताना हे खोकं त्यांना देऊन गेला होता. बोटाएवढे शिसं-कथलाचे शिपाई, उंच टोप्यांचे, नकाशावर फासे टाकून लढायांचा खेळ खेळायचे. आप्पांना त्या टोप्या बघवेनात. एकेकाची टोपी कानशीनं घासून त्यांनी पागोटं केलं, एम-सीलची घोंगडी खांद्यावर टाकली. पाय तुटला की दोन्ही तुकड्यांना बारीक भोकं पाडून मधे टाचणीचा तुकडा घालायचा, हे तुला कुणी शिकवलं? ओट्यावर आपण दोघं बसायचो आणि तू हातड्रिल तिरकं धरलंस की आप्पा तुझ्या डोक्यात टपली मारायचे. एकदा सोल्डर मारायला गेलास आणि अख्खा घोडा वितळवून ठेवलास. आप्पा रागावले नाहीत. उरलेल्या गोळ्याचा त्यांनी डोंगर केला आणि पुढं दोन वर्षं त्या डोंगरावर तोफ ठेवली. आज तू हजारो रुपये घेऊन लोकांचे शिपाई दुरुस्त करतोस, ती विद्या त्या ओट्यावरची आहे.

तू बंगळुरात होतास तेव्हा काचबिंदूनं आप्पांचे डोळे गेले. सहा वर्षं झाली. फोनवर ‘आप्पा कसे आहेत’ विचारायचास आणि मी ‘बरे आहेत, खेळतात अजून’ सांगायचे. कसे खेळतात हे तू कधी विचारलं नाहीस. दर इंचाला गाठ मारलेली सुतळी असते त्यांच्याकडं, तिच्यावरून अंतर मोजतात. फाशावरचे ठिपके अंगठ्यानं वाचतात. लवळ्याच्या कॉलेजातली पोरं रविवारी खेळायला येतात आणि दर वेळी हरून जातात.

आणि शिपाई? अरे शहाण्या, त्यातले तीस तर एकाच साच्यातले आहेत. तोच पाय पुढं, तीच बंदूक खांद्याला. डोळे असताना आप्पा त्यांना रंगावरून ओळखायचे. डोळे गेल्यावर मोडतोडीवरून ओळखायला लागले. भाला डावीकडं वाकलेला तो सावळ्या. बंदुकीचं टोक गेलेला तो नरहरी. ढोलावर खड्डा तो भैरू. टाचणी गुडघ्यातून जराशी बाहेर आलेली तो लंगडा नाईक, आणि ती टाचणी तुझ्याच हातची होती. रांगेवरून बोट फिरवलं की सगळी फौज त्यांना हजर. तू त्यांना बेचाळीस अनोळखी माणसं करून दिलीस!

आप्पा पायाच्या जखमेसाठी दहा दिवस दवाखान्यात होते, तेवढ्यात हा सगळा पराक्रम झाला. त्यांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. लवळ्याचा सुरज खेळायला आला होता. आप्पांनी खोकं मांडीवर घेतलं, एक शिपाई काढला, फिरवला, परत ठेवला. दुसरा काढला. तिसरा काढला. मग विचारलं, खोक्याला कुणी हात लावला व्हता का. सगळे टेबलावर मांडले आणि पहिल्याच खेळीला त्यांनी नरहरी म्हणून भलताच बंदूकवाला पुढं सरकवला. सुरज गुणी पोरगा, त्यानं तो हळूच उचलून जागेवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. आप्पांना ते कळलं. आज डोकं दुखतंय म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की साखरेनं तळपायाची जाणीव गेलीय, जपलं नाही तर हळूहळू हाताचीही जाईल. बस्स. आप्पांनी त्या रविवारी ठरवून टाकलं की डोळ्यांपाठोपाठ बोटंही गेली. मला म्हणाले, ताटात तांदूळ आणि तूरडाळ मिसळून दे. एक तासभर बसून निवडलं, एक दाणा इकडचा तिकडं झाला नाही. मी म्हटलं, बघा, कळतंय की. तर म्हणाले, ‘मोठं मोठं कळतंय गं. बारीक गेलं.’ त्या दिवसापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. शर्टाची बटणं मला लावायला सांगतात. ज्या माणसानं आयुष्यभर साच्यातला केसाएवढा फरक नखानं सांगितला, तो माणूस माझ्यापुढं छाती काढून लहान पोरासारखा उभा राहतो आणि मी बटणं लावते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, जयसिंग. तुझे ते फोटो उघडते आणि फोन भिंतीवर आपटावासा वाटतो.

चार दिवसांपूर्वी मी पक्कड घेतली. म्हटलं, तू सरळ केलंस ते मी वाकडं करते. सावळ्याचा भाला डावीकडं वाकवायला गेले तर कटकन तुटलाच. तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘मोड ताजी हाय, धार लागतीया.’ मला वाटलं, सुटले, आता त्यांना कळणार. तर ते म्हणाले, ‘माझ्याच हातनं पडला आसंल. पडलेलं बी कळंना मला आता.’ आणि मी तिथं उभी होते, पक्कड पदराआड धरून.

आता तू म्हणशील, दीपे, तू त्यांना सांगितलं का नाहीस? हाच प्रश्न मी टाळत इथवर आलेय. त्या रविवारी आप्पांनी विचारलं ना, खोक्याला कुणी हात लावला व्हता का, तेव्हा मी म्हटलं, नाही हो, कोण लावणार. रंगाचा वास येतोय म्हणाले. मी म्हटलं, शेजारच्या प्रमोदनं गेट रंगवलंय. किती सहज बोलले! त्या वेळी वाटलं, दोन दिवसांत हाताला सवय होईल, कशाला उगाच त्यांना दुखवायचं. मग त्यांनी ते बोटांचं बोलून टाकलं, आणि त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे आधीच्या सगळ्या थापांसकट उघडायचं. रोज सकाळी बटणं लावताना ठरवायचे, आज सांगते. बटणं संपायची.

आणि खोकं तुझ्याकडं आणून दिलं कुणी? मीच ना. लवळ्याची पोरं म्हणाली, कॉलेजच्या कार्यक्रमात आप्पांची फौज काचेच्या कपाटात मांडू, मोठमोठे लोक बघायला येतील. मी खोकं उघडलं आणि मला लाज वाटली. सगळे मोडके, रंग उडालेले, टाचण्या बाहेर आलेल्या. म्हटलं, लोक काय म्हणतील, लेक शाळेत मास्तरीण आणि बापाची ही कळा! तू आठवडाभर रजा टाकून बसलास, तेही माझ्या शब्दाखातर, एक पैसा न घेता. आणि तू काम सुरू करण्याआधी फोन केला होतास. सगळंच नीट करू का, की आप्पांना काही तसंच ठेवायचंय, असं विचारलं होतंस. मी भाजी निवडत होते. म्हटलं, सगळंच कर रे, विचारत काय बसतोस. तू विचारलं होतंस, जयसिंग. हे लिहिताना मला माझाच राग येतोय आणि तो तुझ्यावर काढणं सोपं होतं म्हणून इतकी पानं काढला. तरी तू एकदा त्यांनाच विचारायला हवं होतंस, हे मी सोडणार नाही. त्यांची वस्तू होती. तुझी नाही, माझीही नाही.

हे पत्र तुझ्या नावानं लिहिलंय, पण ते मला आप्पांना वाचून दाखवायचं होतं. समोर बसून ‘आप्पा, मी खोटं बोलले’ एवढं मला म्हणता येईना. म्हणून आज जेवणं झाल्यावर सांगितलं, जयसिंगला पत्र लिहिलंय, ऐका बरोबर आहे का. वरचं सगळं वाचलं, एक ओळ न गाळता. वाचून झाल्यावर आप्पांनी विचारलं, किती दिस झालं? मी म्हटलं, अकरा. ते म्हणाले, ‘अकरा दिस मी हात मेलं म्हून बसलो व्हतो, पोरी. आन् तू माझी बटनं लावत व्हतीस.’ मग उठले, अंगातला शर्ट उतरवला आणि पहिल्यापासून एकेक बटण स्वतः लावलं. मी मदतीला हात पुढं केला तर तो बाजूला केला. माझ्याशी बोलत नाहीत. तुला त्यांचा निरोप आहे, ‘आधी’चे फोटो आणि कानस घेऊन ये, कुठं किती मोडायचं ते मी सांगीन. रविवारच्या आत ये. माझ्यासाठी नको येऊ.

तुझीच, पण आज कुणाचीच नसल्यासारखी,
धम्मदीपा