धारा काढून होईस्तोवर शिजणारं जेवण

मीनियन, साउथ गिप्सलँड
२४ मे १९९८

प्रिय बेरिलताई,
स. न. वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ओरडून सांगतेस, म्हणून लिहायला बसलो. तुझा खुबा कसा आहे? थंडी सुरू झालीय, मोजे घालत जा.

रोमा वृद्धाश्रमात तशी ठीक आहे. काही दिवशी मला नवरा म्हणून ओळखते, काही दिवशी मी तिचा भाऊ असतो. परवा मात्र चांगली भानावर होती. मला म्हणाली की इथलं जेवण नको, घरी जाऊन आपल्या टेबलाशी बसून जेवायचंय. मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की एखाद्या रविवारी दुपारी घेऊन जा, संध्याकाळी आणून सोडा, मात्र फार लांबवू नका. डॉक्टरांच्या मते न्यायचं तर आत्ताच, वसंतापर्यंत ती हलवण्याजोगी राहीलसं दिसत नाही.

तिला तिचंच जेवण करून घालावं असं मनात आहे. तेच गं, एका ट्रेमधलं. सॉसेज, बटाटे, गाजरं, भोपळा, कांदा. त्यात अवघड काय, असं मला वाटलं. ती ट्रे ओव्हनमध्ये सरकवायची, आम्ही दोघं संध्याकाळच्या धारा काढायला जायचो आणि परत येईस्तोवर जेवण तयार असायचं. मीही काल तसंच केलं. येऊन बघतो तर सॉसेज कोळशासारखी आणि बटाटे कच्चे. कुत्र्याला घातलं तर त्यानं वास घेऊन माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. ती काय करायची, तुला ठाऊक असेल तर कळव.

लोभ आहेच, थोडा स्वयंपाकघरातही पाठव.
तुझा,
मर्व्ह


बर्नी, टास्मानिया
१ जून १९९८

प्रिय मर्व्ह,
अ. आ.

पत्र वाचून हसले आणि मग हसू गेलं. खुबा जागेवर आहे, पण बोटीचा प्रवास त्याला सोसणार नाही, नाहीतर मीच येऊन तुझ्या हातातून ट्रे काढून घेतला असता.

अरे शहाण्या, ते जेवण आपोआप कधीच शिजत नव्हतं. ज्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे राहिले होते, तेव्हा रोज बघायची. धारा अर्ध्यावर आल्या की रोमा शेडमधून निघायची, गमबुटांसकट चढण चढून घरात यायची, भाज्या उलटायची, वरून सॉसेज ठेवायची आणि गाईंची पुढची रांग आत यायच्या आधी खाली पोचलेली असायची. मी एकदा म्हटलं की मी करते, तू कशाला धावतेस. तर म्हणाली की तुमच्या हाताला त्या ओव्हनची लहर कळायची नाही. तू काय समजत होतास, रोज संध्याकाळी ती वासरांना बघायला जायची?

आता नीट वाच. बटाटे, गाजरं, भोपळा यांना तेलमीठ चोळून आधी घाल. बटाटे बारीक चिर, भोपळा मोठा ठेव. सगळं एका थरात पसर. गर्दी केलीस तर भाजायचं सोडून नुसतं वाफवेल. कडा लाल दिसू लागल्या की उलट, तेव्हाच कांदा आणि सॉसेज घाल. सॉसेजना काट्यानं टोचू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. एकदा फिरव की झालं.

आणि ऐक. जमो न जमो, येत्या रविवारीच तिला आण. सरावाच्या नादाला लागू नकोस.

प्रेम आहे म्हणूनच बोलते, ते तसंच राहू दे.
तुझी ताई,
बेरिल


मीनियन
१९ जुलै १९९८

प्रिय बेरिलताई,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी शेडमध्ये उभा राहून घराकडे बघत होतो. चढ चांगला आहे गं. मी रिकाम्या हातानं चढलो तरी धाप लागते. इतकी वर्षं ती मधेच नाहीशी व्हायची आणि मी विचारलंसुद्धा नाही कुठे गेली होतीस. खरंच वासरांकडे जाते असं वाटायचं.

जून महिनाभर गाई आटलेल्या, हाताला काम नव्हतं, म्हणून करून बघत राहिलो. एकदा भोपळ्याचा लगदा झाला. एकदा सॉसेज आजाऱ्यासारखी पांढरी राहिली. खाटीक विचारतो की मर्व्ह, घरी खानावळ उघडलीस का. आता बरंच जमतंय, फक्त कांदा करपतो. त्यापायी महिनाअखेरचा रविवार रद्द केला. रोमानं कधी माझ्यापुढे करपलेलं वाढलं नाही. तिच्यापुढे मी कसं वाढू?

मग गाई व्यायला लागल्या. गेल्या रविवारी सकाळीच एक अडली, वासरू ओढून काढेपर्यंत दुपार उलटली. वृद्धाश्रमात फोन करून आज जमत नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथली नर्स म्हणाली की रोमा काल न्याहारीपासून अंगात कोट घालून पलंगावर बसली होती, काढू देत नव्हती. मी येणार हे ती विसरून जाईल, असं मी धरून चाललो होतो.

आता वेताची धांदल ओसरली की नक्की आणतो. कांदा शेवटी घालून बघणार आहे.

रागावली असशील, तरी माया कमी करू नकोस.
तुझा,
मर्व्ह


बर्नी
२४ जुलै १९९८

मर्व्ह,
अ. आ. आहेतच, पण आज आधी बोलणी खा.

कांदा गेला खड्ड्यात. तिनं तुझ्याकडे सॉसेज मागितली नव्हती, घरी न्यायला सांगितलं होतं. काहीच जमत नसेल तर वाटेत दुकानातून मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी घे, कागदासकट टेबलावर ठेव आणि दोघं हातानं खा. शेजारच्याला एक दिवस गाई बघायला सांग. तो नाही म्हणणार नाही, तू मात्र विचारणार नाहीस. आपल्या घराण्याची रीतच ती, कुणाला तसदी द्यायची नाही. त्यापायी आपण काय काय गमावलंय ते तुला मी लिहायला नको.

येता रविवार. पुढचा नाही.

लोभ तसाच आहे, पण तो आता उत्तराची वाट बघतोय.
बेरिल


मीनियन
१० ऑगस्ट १९९८

प्रिय बेरिलताई,
स. न. वि. वि.

तू म्हणालीस त्या रविवारी दोन गाई एकदम अडल्या आणि मी पुन्हा शेजाऱ्याला विचारलं नाही. काल विचारलं. तो लगेच आला. म्हणाला की इतके दिवस कशाला थांबलास, मी तर वाटच बघत होतो.

काल सगळं जमलं. बटाट्यांच्या कडा कुरकुरीत, भोपळा मऊ पण सुटा, सॉसेज चकचकीत. टेबल मांडलं, ट्रे मंद ओव्हनमध्ये झाकून ठेवला आणि तिला आणायला गेलो.

मेट्रनबाई दारातच भेटल्या. गुरुवारपासून रोमाला घास गिळता येत नाही, श्वासनलिकेत जातो. आता फक्त अगदी बारीक वाटलेलं द्यायचं आणि बाहेर कुठे न्यायचं नाही. त्या म्हणाल्या की आदल्या आठवड्यात आला असतात तर. मग त्यांनाच वाईट वाटलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

मी घरी परतलो, ट्रे टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवला आणि पुन्हा गेलो. तिथल्या स्वयंपाकीणबाई भल्या आहेत. त्यांनी मेट्रनबाईंना विचारून थोडं रसासकट यंत्रात वाटून दिलं. करड्या रंगाची खीर झाली. त्यात बटाटा कुठला नि गाजर कुठलं, काही ओळखू येईना. रोमानं दोन चमचे घेतले, तिसऱ्याला ओठ मिटले.

मग तिनं ती वाटी माझ्याकडे सरकवली. परक्या माणसाशी बोलावं तसं फार अदबीनं म्हणाली की तुम्ही लांबून आलेले दिसता, भूक लागली असेल, खाऊन घ्या. संकोच करू नका. आमच्या घरातल्यांची वाट बघत बसाल तर उपाशी राहाल, त्यांचं गाईंपुढे कशात लक्ष नसतं.

मी तिच्यासमोर बसून वाटी संपवली. तिनं विचारलं की चव बरी आहे का. मी म्हणालो, फार छान आहे. ती समाधानानं हसली, म्हणाली की मीच केलंय.

लोभ असू दे. आणि तो राग खरा होता, तोही ठेव.
तुझा,
मर्व्ह