चेअरमनकाकांची कालवड

अण्णा, तुमचे जोडीदार चेअरमनकाका हल्ली रोज सकाळी पायी चालतात. खोटं वाटेल तुम्हाला. दूध संस्थेत असताना मळ्यात जायलासुद्धा जीप काढणारा माणूस तो! आणि त्यांना चालवते मी. पाटोद्यात लोकांना व्यायामाची सवय लावून द्यायची, हाच तुमच्या लेकीचा धंदा आहे. लोकांना चालायलासुद्धा शिकवावं लागतं, हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता.

काकांना डॉक्टरांनी बजावलं होतं, शुगर अशीच राहिली तर पायावर बेतेल. मी बूट आणवले, वेळ ठरवून दिली, रोज फोन करून उठवलं. काका निघायचे आणि जरा वेळात कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घरी परत! शेवटी माझं डोकं फिरलं. "काका, तुम्हाला मनातून चालायचंच नाही," मी तोंडावर बोलले. ते ओट्यावर बसले, ते उठेचनात. त्यांना तसं बसलेलं पाहून मला दुष्काळातली चारा छावणी आठवली. आपला तांबडा बैल बसलाय, काही केल्या उठत नाही. मी त्याची शेपूट पिरगाळतेय आणि तुम्ही मागून येऊन माझा हात धरताय. "कशापायी बसलाय ते बघ आदी. शेपूट पिरगाळून उठंल, पर चालंल का?" तुम्ही त्याचा खूर हातात घेता, आत खडा रुतलेला असतो. चारचौघांत बोललात म्हणून मी तेव्हा लई रडले होते.

मग मी काकांशेजारी बसले आणि विचारलं, वाटेत नेमकं होतं काय. "आगं, होतंय काय! दिसंल त्यो गाडी थांबवतोय. बसा चेअरमन, म्हणतोय. न्हाई म्हणलं की त्याला वाटतंय, मागल्या विलेक्शनचा राग हाय. दुसरा इचारतोय, जीप इकली का काय? मंग बसतो बापडा." मी पोट धरून हसले. पण अडचण खरी होती. पुढारी माणूस, जन्मात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच गोठ्यातली कालवड सोडली आणि दावं त्यांच्या हातात दिलं. कालवडीसकट कोण बसवणार गाडीवर? आधी उपरण्यात तोंड लपवून चालले. आता लोक थांबतात, कालवडीचं कौतुक करतात, निघून जातात आणि काकांची मान ताठ होते. शुगर उतरलीय. डॉक्टर खूश आहेत, मीही आहे.

माणसाला आपली गरज उरली नाही की आपण बाजूला व्हायचं, हा आमच्या कामाचा नियम. काकांना आता माझी गरज नाही. तरी मी रोज त्यांच्याबरोबर जाते, कारण चालताना ते तुमच्याविषयी बोलतात. दुष्काळात दुधात पाणी दिसलं तरी संस्थेत दूध मोजून घेताना तुम्ही कुणाच्या घरची अब्रू काढली नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तुम्ही गेलात, आणि तुमच्याबद्दल असं काही सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, अण्णा. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, काकांना तर नाहीच. परवा त्यांनी विचारलं, "पोरी, आजून किती दिस येनार माझ्यामागं?" मी म्हटलं, "चाल सुधारेपर्यंत." ती कधीच सुधारलीय.