कानिफनाथाचा नारळ आणि तुझं यंत्र

॥ श्री शनैश्चर प्रसन्न ॥

शिंगणापूर, ता. १७ मे १९९८

चि. राधाकृष्ण यास सोपानदाजीचे अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का? तुझी ताई रोज विचारते, आणि अमेरिकेतली सर्दी मला इथून कशी कळणार, हे मी तिला रोज सांगतो. बाकी आम्ही सगळे खुशाल.

गेल्या मंगळवारी सकाळी देवपूजा उरकली, तुळशीला पाणी घातलं आणि तू पाठवलेलं ते जागा सांगणारं यंत्र छातीशी धरून मी रानात गेलो. "दाजी, महिनाभर वापरा आणि गुणदोष मोकळेपणाने कळवा," असं तू लिहिलं होतंस. तर मोकळेपणाने कळवतो.

यंत्र स्वभावाने चांगलं आहे. घरात मात्र ते मुकं असतं. (ताईने देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, तरी बोललं नाही.) उघड्या आभाळाखाली नेलं की दहा मिनिटांनी शुद्धीवर येतं. आपण उभे राहिलो की त्याचा बाण भांबावतो, चालू लागलो की दिशा दाखवतो. हे मला फार पटलं, यावर मी दोन दिवस विचार करत होतो. म्हशीच्या हौदात पडलं तरी जिवंत राहिलं. चार सेल मात्र दिवसाच्या आत संपवतं. आता दोष सांगतो, पण तो सांगायला जरा मागून यावं लागेल.

आपली दोनशे मोसंबी यंदा सुकायला लागली. पंधरा दिवसांत बोअरला पाणी लागलं नाही तर बाग तोडायची, असं ठरलं होतं. म्हणून कानिफनाथ पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. तिथे त्याने नारळ ठेवला, बोअरच्या गाडीने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. आता शेजारचा माझा चुलतभाऊ काकासाहेबही पाणीच शोधतो. नारळ बघून त्याने बांधापलीकडे आधी बोअर घेतलं तर? (आमच्या बिनदाराच्या गावात सोनं ठेवायला भीती नाही, पण गुपित ठेवायला जागा नाही.) म्हणून मी यंत्राचं बटण दाबून जागा साठवली आणि दुसरी कसलीही खूण न ठेवता नारळ उचलला. कानिफनाथ बघत होता. "माझ्या नारळापरीस त्या डबीवर भरवसा व्हय, सोपानराव?" एवढं बोलून तो चहा न घेता गेला.

तर मंगळवारी गाडी आली. यंत्र पुढे, मी त्याच्या मागे, माझ्या मागे पाच माणसं. यंत्राने थेट काकासाहेबाच्या गोठ्यात नेलं. "या की! हितंच घ्या बोअर. म्हशी आयत्या तोंड लावतील," काकासाहेब म्हणाला. पाव तासाने तीच जागा रस्त्याच्या मधोमध निघाली, मग आमच्या उकिरड्यावर. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, बोअर घ्यायचं हाय का वरात काढायची?" तुझ्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात होतं की हे शंभर मीटर इकडेतिकडे दाखवू शकतं. ते मी नंतर वाचलं. शंभर मीटरमध्ये माझी बाग बसते, वर काकासाहेबाचा गोठा. आणि इतकं चुकूनही यंत्राच्या तोंडावर रेघ हलत नाही, हा त्याचा खरा दोष. माणूस निदान ओशाळतो.

कानिफनाथ बांधावर तंबाखू मळत बसला होता. त्याला विचारायला माझी जीभ उचलेना.

इतक्यात तुझी ताई भाकरी घेऊन आली. "काय हुडकताय?" सांगितलं. "अगं बाई, नारळाची जागा? तिथं मी झेंडू लावलाय की! देवाचा नारळ उचलल्यावर जागा मोकळी ठेवू न्हाई." अख्ख्या तापलेल्या रानात तेवढंच एक टवटवीत रोप होतं, ती त्याला रोज हात धुतलेलं पाणी घालत होती, आणि सकाळपासून मी वडाला माराव्यात तशा त्याला सात फेऱ्या मारल्या होत्या.

एकशे ऐंशी फुटांवर दोन इंच पाणी लागलं, राधाकृष्णा! फवारा असा उडाला की काकासाहेब चिखलात नाचला, ड्रायव्हर नाचला, मीही नाचलो. डोळे पुसले, पण सगळेच भिजलेले असल्याने ते खपून गेलं.

आता पंचाईत अशी, की गावात बोलबाला यंत्राचा. रोज चारजण नारळ घेऊन त्याच्या दर्शनाला येतात. मी खरं सांगतो, तर त्यांना वाटतं मी यंत्र द्यायला कुचरतोय. कानिफनाथाला मात्र तेव्हापासून कुणी बोलावलेलं नाही, आणि बागेला पाणी देताना ते मला गोड लागत नाही.

तुझा
सोपानदाजी

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण. यंत्र शंभर मीटर चुकतं, आणि जागा कानिफनाथाच्या नारळाची होती, असं मोठ्या अक्षरात लिहून पाठव. पाकिटावर अमेरिकेचं तिकीट असू दे. देवळाच्या फळ्यावर लावायचं आहे. माझं कुणी ऐकत नाही, तिकिटाचं ऐकतील.

ता. क. २ : सेल पाठवलेस तर कानिफनाथाच्या नावाने पाठव. रागावू नकोस, आज सकाळी नवा नारळ आणि तुझं यंत्र घेऊन मी त्याच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो आणि दोन्ही त्याच्या ओंजळीत ठेवलं. त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर नारळ कुठं ठिवायचा?" मी यंत्राच्या पडद्यावर, बाण झाकला जाईल असा, ठेवून दाखवला. असा ठेवला की ते एकदाही चुकत नाही.