ताकदीची गोळी

मंगळवार, ३ फेब्रुवारी
आईने आज माझ्या फिटच्या गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत भरल्या! "पाकिटावरचं नाव कोनी पायलं तं? आता समदे मोबाइलमध्ये पायतात. साक्षगंध होऊ दे, मंग सांगजो."
डबी तिथेच ओतली, गोळ्या परत पाकिटात भरल्या. दहावीत फिट आली होती, गोळी सुरू झाल्यापासून परत नाही. मी काय चोरी केली?

बुधवार, ४
विपुलला, ज्याच्याशी साखरपुडा ठरलाय त्याला, सांगून टाकलं. औषधांच्या साइटवरचं माझ्या गोळीचं पानच पाठवलं — वाच म्हटलं, नीट वाच.
वाचलं त्याने. निळी खूण आली.

शुक्रवार, ६
अकोल्याहून विपुलच्या आईचा, शकुनबाईंचा फोन. "मिरगीची पोरगी आमच्या गळ्यात बांधून राहिले होते काय? आमच्या खानदानात असं काई नाई!"
मोडलं. आई दिवसभर रडली. "तुले कोन सांगाले लावलं होतं?"
विपुल आवडला होता मला. वाईट वाटतंय, खूप. पण पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन!

सोमवार, ९
कुंकवाच्या कार्यक्रमात त्यांनी दिलेली साडी परत करायला आई जाईना. मीच गेले अकोल्याला, ताठ मानेने. शकुनबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. तेवढ्यात विपुलची बहीण रागिणी कॉलेजातून आली, तर शकुनबाईंनी पाकिटातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली — "घे वं, ताकदीची."
पाकीट टेबलावरच होतं. नाव कधी न ऐकलेलं. येताना एसटीत त्याच साइटवर टाकलं. एकच औषध किती कंपन्या किती नावांनी विकतात, सगळं असतं तिथे. आत काय निघालं? माझंच औषध! खालच्या यादीत माझ्या गोळीचं नावही होतं.
खानदान म्हणे! मला असं हसू फुटलं की शेजारच्या बाई सरकून बसल्या. विपुलला झणझणीत मेसेज लिहून ठेवलाय. उद्या पाठवते, मग बघू कोण कोणाच्या गळ्यात.

मंगळवार, १०
सकाळीच रागिणीचा मेसेज — "आचलताई, तुमी काल माझ्या गोळीचं नाव वाचून राहिल्या होत्या नं? कशाची हाय वं ते? आई ताकदीची म्हणते. वजन वाढते म्हणून मी बेसिनमध्ये थुकतो. आज गाडीवरून पडली. कशी पडली, काईच आठवत नाई."
विपुलला लिहिलेला मेसेज पुसला. तिला फोन लावतेय.