नदीत न सोडलेलं गाठोडं

मी, गोपिका रुपराव डाखोळे, वय सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार गांधीबाग, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. वकीलसाहेबांनी हवं तर बघून घ्यावं.

मला मूलबाळ नाही. न लिहिता गेले, तर यजमानांकडून आलेलं हे घर कायद्याने माझे दीर मनोहरराव यांच्याकडे जाईल आणि खाली चालणारी शिवणशाळा रस्त्यावर येईल. तसं होऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. घर 'गाठोडं शिवणशाळा' या नोंदलेल्या संस्थेस देते. हे नाव का, ते एकदा लिहूनच टाकते. १९६१ साली यजमान गेले. आमच्या घरची रीत अशी, की गेलेल्याचे कपडे गाठोड्यात बांधून नदीत सोडायचे. दिरांसोबत कन्हानला गेले, पण गाठोडं हातून सुटेना. आत त्यांचा लोकरी कोट होता, जेमतेम दोनदा घातलेला. तशीच उराशी धरून परत आले.

दीर ओरडले, "वहिनी, मेलेल्याचे कपडे घरात काहून आणून राहिल्या?"

मी म्हटलं, "भाऊजी, माणूस मेला. कापड कुठं मेलं?"

त्यानंतर दहा वर्षं त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी विसरलेली नाही.

मला तेव्हा फक्त पोलकं शिवता येई. तो कोट टाका टाका उसवला, तुकडे जमिनीवर मांडले, पुन्हा शिवला. त्या कोटानेच मला कोट शिकवला. मग घरोघरी सांगत फिरले, असली गाठोडी मला द्या. लोक दारात टाकून पळत. पळोत बापडे! पारशिवनीची प्रयागबाई, नवऱ्याने टाकलेली, पहिली शिकायला आली. तिला महिनाभर नुसतं उसवायला लावलं. शाळेत आजही तोच नियम आहे. बावीस वर्षांत तीनशेवर बाया इथून हाताला काम घेऊन गेल्या. बाजारात कुणाची नेटकी कॉलर दिसली, की मी आमचा टाका ओळखते आणि खुशाल हसते.

कलम २. मोठी कात्री प्रयागबाईस. तिने कागद कापायला कुणाला दिली, तर मी भूत होऊन येईन.

कलम ३. माझी पोलकी नदीत नकोत. नव्या बायांना उसवायला द्यावीत. काखेतली शिवण बघण्यासारखी आहे.

कलम ४. मनोहररावांना काही नाही. मागच्या वर्षी त्यांची बायको, माझी जाऊ सुभद्रा, गेली. तेराव्यानंतर ते स्वतः गाठोडं घेऊन दारात उभे. म्हणाले, "वहिनी, नदीवर नाही गेलो." मी दोन्ही हातांनी घेतलं. दोघंही रडलो.

म्हणून या कागदावर साक्षीदार तेच. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

भाऊजींनी विचारलं, "म्हंजे मले काहीच नाही?"

"नाही. करता सही?"

"द्या पेन."

जिंकले मी! तो लोकरी कोट मात्र या कागदात लिहीत नाही. आत्ताच, माझ्या हातांनी, त्यांच्या अंगात घातला. खांद्यात बरोबर बसला.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. एक अक्षरही उसवायचं नाही.

नागपूर, ११ जानेवारी १९८३

सही: गोपिका रुपराव डाखोळे

साक्षीदार:
१. मधुसूदन पिंपळापुरे, वकील
२. मनोहरराव डाखोळे (कोट घालून)