एकेचाळीसवर थांबलेली मथुरा

२ नोव्हेंबर

…आणि आवाज अडवणारी वाकळ परत खिळ्यावर अडकवली. खालची गिरणी दुपारी दोन ते चार बंद असते, तेवढ्यातच रेकॉर्डिंग. त्यातला अर्धा तास वाकळ पडण्यात गेला. आक्का ड्यूटीवरून कंडक्टरच्या गणवेशातच आली होती. सुनंदानं हेडफोन लावला, बोट वर केलं.

भाग ९, शेवटचं पान. वादळ येतंय. खाणीच्या ग्रहावरून माणसं परत आणणारं यान सुटायच्या बेतात. दारवाली मथुरा (आवाज आक्काचा) दार लावते. तिचं एकच वाक्य: "चला."

आक्का थांबली. "मोजल्याबिगर?"

"वादळ आहे, आक्का. घाई आहे."

"असंल. बेचाळीस माणसं न्यायची आन् मोजल्याबिगर घंटी द्यायची?"

"मथुरा कंडक्टर नाही."

"दारात उभी ऱ्हाती नं? मग झालं."

मग तिनं मोजलं. एकपासून, हलक्या आवाजात, जिंतूर–परभणी गाडीत एकवीस वर्षं मोजते त्या चालीत. एकेचाळीसवर थांबली. मला वाटलं ठसका लागला. बराच वेळ काहीच नाही. मग: "चला."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ठेवलं.

माझ्या संहितेत बेचाळिसावा माणूस, सोपान, चुकून मागे राहतो. मथुरेला पत्ता नसतो. आता तिला माहीत आहे.

८ नोव्हेंबर

भा. ९ काल चॅनलवर गेला. नायिका इरावती, तिच्याबद्दल एक शब्द नाही. मथुरेला पूर्ण मालिकेत मिळून दोन पानं संवाद. सगळे तिच्यावर तुटून पडलेत.

प्रतिक्रिया उतरवून ठेवतो:

"मोजलं आणि तरी गेली. हा खून आहे."

"एकासाठी एकेचाळीस मारायचे का मग?"

"पण सोपान गेला कुठं? वादळात टाकीचा व्हॉल्व्ह बघायला कोण जातं?"

"माझे काका जातात."

श्रोत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे संध्याकाळपर्यंत दोन ग्रुप झाले. एक मथुरेचा, एक सोपानचा. मला दोन्हींत घेतलंय. दोन्हींत गप्प आहे. लेखकानं खुलासा करू नये, हे दरवर्षी वर्गात सांगतो.

खरं म्हणजे बरं वाटतंय. 'परतीची खेप'वर कोणी भांडेल असं वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

वालूरहून पत्र. हातानं लिहिलेलं, चार पानं, समासासह. निवृत्त मुख्याध्यापक. मथुरेला शेवटच्या भागात, भा. १२ मध्ये, शिक्षा झाली नाही तर ते मालिका ऐकणं बंद करतील. (भा. ४ नंतर बंद केलं होतं. भा. ७ नंतरही.)

ऊसतोडीच्या मुक्कामावरच्या झोपडीतून एका बाईंचा व्हॉइस मेसेज. मागे ट्रॅक्टर, रडणारं मूल. "सर, आमच्या कोपीत दोन तट पडलेत. मालक म्हणतेत मथुरा बरोबर हाय, गाडी कुणासाठी थांबत नसती. मी म्हणते, थांबत नसती ते मला बी म्हाईत हाय. पर मोजून कशाला जायचं? न मोजता गेली असती तर माफ केलं असतं मी तिला." मग: "भाकरी टाकायलेय. नंतर बोलते."

चारदा ऐकला. स्टाफरूममधल्या दोन तासांच्या चर्चेत हे कोणाला सुचलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

कॉलेजच्या फाटकाशी रशीदभाई भेटले. आक्काच्या गाडीचे ड्रायव्हर. हसत होते.

मालिकेत आक्काचं नाव कुठेच दिलेलं नाही. तिनंच नको म्हटलं होतं. पण काल सकाळच्या गाडीत ती म्हणाली, "पुढं सरका, पुढं सरका," आणि मागच्या सीटवरचा एक जण उठून उभा राहिला. "ओ, ही मथुरा हाय."

परभणीपर्यंत गाडीत दोन पक्ष. रशीदभाई म्हणाले, "डावीकडचे सीट मॅडमच्या बाजूनं, उजवीकडचे सोपानच्या. उभे होते ते दोन्हीकडून बोलत होते. आरशात बघत बघत चालवली गाडी, काय सांगू." स्टँडवर उतरताना एक म्हातारी आक्काला म्हणाली, "बाई, माझं म्हातारं उतरलं का बघा. न्हाईतर जाल आतच सोडून. तुमचं काय खरं न्हाई." सगळी गाडी हसली.

"आणि आक्का?"

रशीदभाईंचं हसणं थांबलं. "नाही हसल्या, सर."

२२ नोव्हेंबर

या आठवड्यात आक्काची गाडी चार वेळा उशिरा सुटली. तीन-तीनदा मोजते. मधल्या काही थांब्यांवर खाली उतरून गाडीच्या मागंही बघून येते. रशीदभाईंनी एकदा विचारलं म्हणे, "मॅडम, माणसं आहेत की मोती?" डेपोत विचारणा झाली. पुन्हा झालं तर लेखी द्यावं लागेल.

दुपारी आक्काचा फोन. "भाग बाराला दुसरी कुनीतरी बघ."

"लोकांचं मनावर घेऊ नकोस."

"लोकांचं न्हाई." ठेवला.

सुनंदाचं म्हणणं, खुलासा टाक: मोजणं संहितेत नव्हतं. टाकला तर सगळं आक्कावर येतं. नाही टाकला तर आजही तिच्यावरच आहे.

२४ नोव्हेंबर

आक्काकडे गेलो. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही सोलायला बसलो. दोन मुठी सोलून झाल्यावर बोलली.

सुनंदा लग्न होऊन आली त्या वर्षीचा उन्हाळा. परभणीला जाताना गाडी तापली, मधल्या फाट्यावर थांबवली. लोक उतरले, रसवंतीवर गेले, परत चढले. आक्कानं मोजलं. तिकिटं बेचाळीस. माणसं एकेचाळीस.

"लोक वरडायले, बाई चला, भाजायलो आमी. मी दोरी धरली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणलं, उतरला असंल हितंच. दोनदा वढली दोरी."

परभणीच्या स्टँडवर शेवटच्या सीटखाली पिशवी सापडली. एक्स-रे, दवाखान्याची चिठ्ठी, डबा. चिठ्ठीवरचं नाव घामानं पुसलेलं. पिशवी जमा केली. न्यायला कोणी आलं नाही. महिनाभर विचारत होती.

"दवाखान्यात निघालेलं मानूस, दिनू. पिशवीला बी आलं न्हाई. म्हंजी काय समजायचं?"

फाटा रोज लागतो. जाताना, येताना. इतकी वर्षं ती तिथे उतरलेली नाही. लोकांना चहा प्यायला सोडते, आपण आत बसून राहते.

"मग त्या दिवशी माइकसमोर?"

"मोजलं आन् तिथंच अडकले. तू ठेवशील असं वाटलं न्हाई. तू तर समदंच कापतोस."

२५ नोव्हेंबर

ठेवलं, कारण चांगलं होतं. कुठून आलं हे विचारलं नाही.

दोन तास रद्द केले. मुलं खूश.

२७ नोव्हेंबर

आक्काची साप्ताहिक सुट्टी. सकाळी स्कूटर काढली. फाट्यावर जाऊन विचारू म्हटलं. नको म्हणाली, मग चप्पल घातली, मग परत नको म्हणाली. शेवटी बसली.

फाट्यावर ती स्कूटरजवळच उभी राहिली. रसवंती हंगाम नाही म्हणून झाकलेली. चहाचं हॉटेल चालू. मालकाला विचारलं: फार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, गाडी सुटून मागे राहिलेला कोणी आठवतो का. दवाखान्यात चाललेला.

"मागं तर लय ऱ्हातेत, सर. रोज एखादा ऱ्हातो." भांडं खाली ठेवलं. "पिशवी गाडीत गेलेला? मुतखड्यावाला?"

"माहीत नाही. एक्स-रे होता."

"मग त्येच. ते काय बसलंय, पेपर वाचायलंय."

कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा. शेजारी काठी. त्यानं पेपर खाली केला, माझ्यावरून नजर आक्कावर नेली आणि तिथेच ठेवली.

"या की बाई. हितनं रोज जाता, आज उतरलात."

आक्का आली. उभीच राहिली.

मारोतराव नाव. फाट्यापासून दोन कोसांवर शेत. मुलानं ऑपरेशनसाठी बळजबरीनं गाडीत बसवून दिलं होतं. त्यांना ऑपरेशन नको होतं.

"गाडी तापली तवा म्हणलं देव पावला. त्या रसवंतीच्या मागं जाऊन उभा ऱ्हायलो. तुमी मोजायला लागलात. दिसत व्हतं मला. शेवटी थांबलात. मला वाटलं, आता उतरती ही बाई आन् धरून नेती मला."

"मी उतरले न्हाई," आक्का म्हणाली.

"लय बरं केलं."

"पिशवीला बी आला न्हाईत."

"कसा येऊ? पोराला सांगितलं, गाडी मला सोडून गेली, कागदं गेली, आता काय करावं. त्यानं तुमच्या नावानं लय शिव्या दिल्या. मी बी दिल्या थोड्या. दाखवायला."

"आणि मुतखडा?" मी.

"म्हैनाभरात आपला आपण पडला."

मालक हसायला लागला. हे त्यानं बऱ्याचदा ऐकलेलं दिसलं. आक्का बाकावर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर.

मारोतराव पुढे वाकले. "बाई, एक इचारू? माझ्या डब्यात धपाटे व्हते."

आक्कानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग: "रशीदभाईनं खाल्ले. नासले असते."

"तुमी?"

"एक."

"चांगले व्हते का?"

"मीठ कमी व्हतं."

"म्हंजी माझेच."

आक्कानं तिथला चहा घेतला. मग अजून एक. मी मोजत नव्हतो, पण लक्षात राहिलं.

परतताना तिनं मागून खांद्याला धरलं होतं. पुढे कापसाचा ट्रॅक्टर, बाजूला कापूस उडत होता. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "तरी बी मी गेलेच की, दिनू. ते लपलं व्हतं हे मला कुठं म्हाईत व्हतं तवा? चक्कर यिऊन पडलं असतं तरी मी गेलेच असते."

मी स्कूटर हळू केली.

थोड्या वेळानं पाठीला काहीतरी हलताना जाणवलं. वाटलं रडते आहे. हसत होती. "दाखवायला दिल्या म्हणे शिव्या."

२८ नोव्हेंबर

आक्काची गाडी वेळेवर. रशीदभाईंचा फोन मुद्दाम एवढं सांगायला. "आज मॅडम फाट्यावर उतरल्या, सर. माझ्या आधी." मग: "धपाट्याचं तुम्हाला कळलं का?"

रात्रीपर्यंत लिहीन म्हटलं होतं, पाचलाच संपलं. भा. १२ दोन तऱ्हांनी लिहिला.

(अ) यान उतरतं. मथुरा परत मोजते, एकेचाळीस. तेवढ्यात बिनतारीवर सोपानचा आवाज. टाकीमागे लपला होता. परत यायचंच नव्हतं.

(आ) यान उतरतं. मथुरा परत मोजते, एकेचाळीस. बिनतारी गप्प.

सुनंदा (अ)च्या बाजूनं. लोक सुटतील म्हणते. मथुरा सुटेल. मला ते सोपं वाटतं. पण घडलेलं तेच आहे. घडलेलं आहे म्हणून लिहावं का, हा एक प्रश्न. सोपं वाटतं म्हणून टाळावं, हीसुद्धा एक खोडच.

३० नोव्हेंबर

वालूरचं दुसरं पत्र. यावेळी दोन पानं. शिक्षेचा आग्रह कायम, मात्र शिक्षा 'सौम्य' चालेल. त्यांची मुलगी मथुरेच्या बाजूची निघाली, घरात बोलणं बंद होतं, आता सुरू झालंय. मुख्याध्यापकांच्या अक्षरात पहिल्यांदाच खाडाखोड.

कोपीवरच्या बाईंना मी आपण होऊन फोन केला. नियम मोडला. विचारलं, सोपान मुद्दाम लपला होता असं निघालं तर? त्या म्हणाल्या, "मग सोपानचं कळलं, सर. मथुरेचं कुठं कळलं?"

दुपारी आक्का आली. वाकळ या वेळी दोन खिळ्यांवर. आधी (अ), मग (आ). दोन्ही एका दमात, एकही चूक नाही. मोजताना (आ)मध्ये एकेचाळीसवर थांबली, पण मागच्या इतका वेळ नाही. सुनंदानं डोळे पुसले, मशीन बंद करायला विसरली, त्यामुळे पुढचंही त्यात आलंय:

"कोणता ठेवायचा?"

"तुझं तू बघ. एकात मथुरा सुटते, एकात न्हाई. मला आता दोन्ही चालतेत."

"आता?"

"आता." खुर्ची सरकल्याचा आवाज. "चहा टाक गं सुनंदा. मीठ नको घालू."

ठरलेलं नाही. शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे. दोन्ही फाइली शेजारी शेजारी आहेत.

१ डिसेंबर

सकाळी स्टँडवर गेलो. आक्कानं पुढून मागे एकदा मोजलं, दोरी दोनदा ओढली. सात-दहाची गाडी सात-दहाला सुटली.