अकरा जणांच्या बाटल्या

मी, लक्ष्मीकांत दिनकरराव मोहिते, वय सव्वीस, राहणार नागरवाडा, बडोदे, डोकं ठिकाणावर असताना, कुणी भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. प्रयोगशाळेत सरांशी भांडून बी.एस्सी. अर्धं सोडलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर आहे हे बाबांना पटत नाही, पण आहे. परवा मूत्राशयाच्या गाठीचं ऑपरेशन आहे.

१. सायकल धाकट्या बहिणीला, निरुपमाला. ब्रेक आधी दुरुस्त करून घ्यावेत.

२. रंगाच्या कारखान्यात सात वर्षं मी उघड्या हातांनी बेन्झिडीनची, म्हणजे रंगाला लागणाऱ्या विषारी रसायनाची, पिंपं रिकामी केली. माझ्या उशीच्या अभ्र्याला घामाचा तपकिरी डाग पडतो. आईने तो आता धुऊ नये, कारखाना निरीक्षकाला दाखवावा.

३. कु. कांचन शिर्के, माझ्या वर्गातली, हल्ली गोत्रीच्या शाळेत शिकवते. तिला द्यायला माझ्याकडे एक स्वप्नच आहे. विश्वामित्रीच्या काठी आम्ही बसलोय आणि ती माझे हात धुतेय. रंग सुटत राहतो, नदी केशरी होत जाते, तिला कंटाळा येत नाही, संध्याकाळही संपत नाही. हे स्वप्न आजपासून तिचं. तिने नाकारलं तरी मी परत घेणार नाही. भांडायला जीभ होती. हे सांगायला सात वर्षांत वळली नाही.

४. सुपरवायझर प्रतापसिंहराव यांना काहीही नाही. नाकावर बांधायला फडकं मागितलं तेव्हा म्हणाले, "नवी नवरी आहेस का रे? घुमटो पाहिजे?"

५. आता मुख्य वस्तू. कारखान्यात वर्षातून एकदा लघवी तपासायला बाटल्या वाटतात. ज्याच्या बाटलीत रक्त निघालं, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात. म्हणून तीन वर्षं आमच्या खात्यातल्या अकरा जणांच्या बाटल्या मी एकट्याने भरल्या. "अल्या लक्ष्या, तू कॉलेजवाला, ताजा माल! पी पाणी, भर सगळ्यांच्या," म्हणत संपतकाका लोटा पुढे करायचे. आम्ही पोट धरून हसायचो. मला ती मर्दुमकी वाटायची. यंदा बाटल्या यायच्या आधीच मला रक्त दिसलं. बाकीच्यांच्या पोटात काय आहे, कुणालाच ठाऊक नाही. कागदोपत्री सगळे ठणठणीत.

बेन्झिडीनवर देशभर बंदी घालायचा मसुदा दिल्लीत निघालाय, हरकती मागवल्यात. आमचे मालक हरकतीला तपासणीचे हेच कागद जोडणार आहेत. सबब, ते सगळे नमुने माझ्या एकट्याचे होते, ही कबुली मी वकील तात्यासाहेब गुप्ते यांच्या स्वाधीन करतो. त्यांनी ती उद्याच दिल्लीला पाठवावी. माझ्या मरणासाठी थांबू नये.

बडोदे, ता. ११ मार्च १९९०
सही: ल. दि. मोहिते

आमच्यादेखत सही झाली:

१. तात्यासाहेब गुप्ते, वकील

२. संपतराव काळे. मी त्या अकरांतला. ही सही पाहिल्यावर मला गेटच्या आत घेणार नाहीत, ते वकिलांनी समजावून सांगितलं. लक्ष्मीकांतने लिहिलं ते खरं आहे. माझी तपासणी मी उद्या बाहेर करून घेतो, तो कागदही यासोबत जोडावा.